नाळ पूर्वेला

किल्ली माझ्याकडे असते. कुलपात दोनदा फिरवावी लागते.
पत्र्याच्या शेडमध्ये आधी वास येतो माशाच्या तेलाचा,
आणि त्याच्याखाली, खोल,
जांबोटीच्या रानातल्या सागाचा.
हे आमचं गलबत. खानापुरात.
समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो.

भर्मा सुतार माझे आजोबा. त्यांचे वडील मष्णू
ठेकेदाराच्या हाताखाली झाडं पाडायचे.
ओंडक्याच्या बुडख्यावर तीन खाचा, एक तिरपी,
मजुरी मोजायला. लिहिता येत नव्हतं.
अकरा बैलजोड्या, आंबोलीचा उतार,
गाडी पळू नये म्हणून मागे बांधलेली झाडं
दगडावर घासत ओरडायची म्हणे.
वेंगुर्ल्यात त्या ओंडक्याचा पठाण झाला.
पठाण म्हणजे तळाचा कणा. जन्मभर पाण्यात, कुणाला दिसत नाही.
मष्णूंनी समुद्र बघितला नाही.
त्यांची मजुरी घाटमाथ्यावरच चुकती झाली होती.

त्रेपन्न वर्षं चाललं.
मंगळूरची कौलं, मीठ, कोचीनचा काथ्या,
एकदा आरोंद्याची वरात, नवरी शिडाच्या सावलीत ओकत बसलेली.
एका फेरीची नोंद एवढीच आहे:
'रिकामे आलो. वारा चांगला.'
मग इंजिनं आली. शीड उतरवलं
ते कुणाच्या तरी खळ्यात भात वाळवायला गेलं.
गलबत खाडीच्या चिखलात कलंडलं,
पोरं त्याच्या पोटात लपाछपी खेळली,
आणि लिलाव.

दुंडाप्पा हुंदऱ्यांनी जळणाच्या भावानं घेतलं. दोन ट्रक.
मिलमध्ये आजोबांनी पठाण पात्यासमोर सरकवला
आणि हात वर केला.
तीन खाचा. एक तिरपी.
पट्टा फिरत राहिला, लाकूड थांबलं.
"मालक, हे कापायचं न्हाई."
"खुळा काय रे तू? पैसे दिल्यात मी."
"दिल्यात. खरं हे कापायचं न्हाई."

नऊ महिने रात्री दिवा लावून जोडत होते.
चाळीस फळ्या कमी पडल्या, तिथं किंदळ घातला.
तो अजून वेगळा दिसतो. मी रंगवू देत नाही.
हुंदरे शिव्या घालत खिळे पुरवत राहिले.

सरकारी माणूस फॉर्म घेऊन आला. रकाने दोनच: वाहन, इमारत.
बराच वेळ पेन चावलं, मग समासात कन्नडमध्ये लिहिलं, दोणी.
आमच्यात दोण म्हणजे गुरांना पाणी पाजायची.
आजोबा म्हणाले, "लिवा की. पाणीच हाय दोन्हीत."

मग बाबली कुबल आला, शेवटचा तांडेल,
एसटीतून, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून.
सुकाणूपाशी बसला. कुणी बोललं नाही.
आम्हाला लाज वाटत होती. ट्रक रिकामे करायला सोपं म्हणून
नाळ मिलच्या गेटाकडं ठेवलेली,
पूर्वेला. दर्याकडं पाठ.
आजोबांनी तरफा, लाकडी रूळ, चौदा माणसं
सांगून ठेवली होती. "फिरवतो," म्हणाले.

म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्या न्हयचा पाणी खंय जाता?"
मलप्रभेचं? उगवते कणकुंबीला, घाटाच्या अगदी काठावर,
आणि तरी तिकडं उतरत नाही.
"कृष्णेला. तिथनं त्या दुसऱ्या समुद्रात."
म्हातारा जरा वेळ गप्प.
"तो दर्या ह्येना बघूक नाय," म्हणाला.
"रवांदे."

चौदा माणसांनी चहा घेतला आणि गेली.

आता दर मे महिन्यात तेल मी लावते.
उन्हाळ्यात फटींतून उजेड येतो,
पावसात फळ्या फुगून सांधे आपले आपण मिटतात.
खाचांपाशी चिंधी अडकते.
शाळेची पोरं विचारतात, तरंगेल काय हे?
मी म्हणते, खाली हात घालून बघा. ओलं लागतंय?
नाही.
मग थांबा.